हातावरचं दही

लीलावतीबाई नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला आल्या त्या सुनेच्या बाळंतपणासाठी. मग कोरोना आला, विमानं थांबली, आणि पुढं नातीचा लळा लागला. दुसरा हिवाळा तोंडावर आला तरी बाई तिथंच होत्या.

शेजारी फौझी नावाचे पॅलेस्टिनी म्हातारे एकटे राहत. उमेदीची वर्षं त्यांनी कुवेतमध्ये शिंपीकामात काढली होती. तिथल्या आपल्याकडच्या कामगारांकडून त्यांनी हिंदी उचलली. पुढं तिथूनही त्यांना हाकललं, तेव्हा ते इथं आले. बाईंची हिंदीही तशीच मोडकी, त्यामुळं कुंपणावरून दोघांचं छान जमे.

फौझींचं घर हैफाला. अठ्ठेचाळीसच्या लढाईत आईचं बोट धरून बंदरात होडीत चढले, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. चार दिवसांत परत येऊ म्हणून आईनं भिजत घातलेले चणे तसेच ठेवले होते. परत कुणी येऊच दिलं नाही.

बाईंचं गाव लहानपणीच कोयनेच्या धरणात बुडालेलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात आता मासे राहतात, फौझीभाई."

"मासे बरे," ते म्हणाले. "माझ्या घरात माणसं राहतात. ज्यू आहेत, तीही इथूनच, युरोपातून जीव घेऊन पळालेली. धड रागावताही येत नाही."

मरायच्या आत एकदा त्या दारासमोर उभं राहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहिलं तिकीट कोरोनानं रद्द केलं. पुढच्या मे महिन्यात तिकडं पुन्हा पेटलं. गाझावर बॉम्ब, उलट रॉकेटं. टीव्ही दिवसभर चालू असे आणि फौझी कुंपणाकडं फिरकत नसत. नोव्हेंबरात लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी तिकडची सीमा उघडली, तसं त्यांनी तिकीट काढलं आणि बाईंना दाखवायला धावत आले.

निघायच्या सकाळी बाई वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. हीटरवर ठेवून लावलेलं घट्ट दही. त्यांनी ते चमचाभर फौझींच्या तळहातावर घातलं.

"हे कशाला?"

"प्रवासाला निघालेला माणूस सुखरूप घरी परत यावा म्हणून."

फौझींनी तळहाताकडं बघितलं. मग त्यांनी दही चाटलं आणि टॅक्सीत बसले.

दिवस मावळायच्या आत टॅक्सी परत आली. कोरोनाचा नवा अवतार निघाला होता, आणि सीमा परदेशी लोकांना पुन्हा बंद झाली होती. विमानतळावरूनच त्यांना माघारी पाठवलं होतं. बॅग उतरवताना ते बाईंकडं बघून हसले.

"बहन, तुझं दही फार कडक निघालं."

 बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलगा अभिराम समजावत राहिला की सरकारांच्या निर्णयाशी दह्याचा काय संबंध. बाईंनाही ते कळत होतंच.

जानेवारीत फौझींना ताप चढला, दम लागू लागला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. सूनबाई शिवांगीनं आपणहून दह्याची वाटी आणून बाईंच्या हातात दिली. बाहेर पायाशी पांघरूण गुंडाळलेले फौझी स्ट्रेचरवरून बाईंच्याच खिडकीकडं बघत होते.

बाईंनी वाटी खाली ठेवली.

"नको," त्या म्हणाल्या. "या खेपेला मी त्यांना अडवणार नाही."

त्यांनी खिडकीतूनच हात जोडले. फौझी परत आले नाहीत.

उन्हं तापू लागली तशी त्या घरात नवी माणसं राहायला आली. चांगली होती; धड रागावताही येईना. त्यांनी मागच्या अंगणात बाळाचे कपडे वाळत घातले. बाई बोलायला म्हणून कुंपणापाशी गेल्या, त्या कपड्यांकडं बघत उभ्या राहिल्या, आणि तशाच आत आल्या.