पाहुण्याचं वजन

अग्निशमन केंद्रातल्या त्या जुन्या गड्याला सगळे उंट म्हणत. ताडमाड उंची, लांब मान, डुलत चालणं, सगळंच जमून आलं होतं. शिवाय एके काळी तो दिवसभर पाण्याचा घोटही न घेता आगीशी झुंजायचा. अलीकडे मात्र दोन जिने चढला की त्याच्या छातीचा भाता व्हायचा, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो बुटाची नाडी बांधायला खाली बसायचा. त्या बुटांना नाडीच नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायचं कुणी नाही.

बंबावरच्या प्रत्येकाची दरवर्षी परीक्षा व्हायची. सरावाच्या मनोऱ्यात तिसऱ्या मजल्यावर वाळू भरलेला, माणसाएवढा पुतळा पडून असे. त्याला जुना गणवेश चढवलेला होता आणि त्याचं नाव होतं पाहुणा. पाहुण्याला खांद्यावर घ्यायचं आणि ठरलेल्या वेळात खाली आणायचं, एवढीच परीक्षा. या वर्षी उंटाने जिन्याच्या वळणावर पाहुण्याला टेकवलं आणि मग स्वतःही टेकला. साहेबांनी त्याच्या जुन्या कामाकडे बघून आणखी एक संधी दिली. ती हुकली तर बंबावरून उतरायचं आणि फोनच्या खोलीत बसून लोकांचे पत्ते विचारायचे.

फोनच्या खोलीत बसणं म्हणजे त्याच्या लेखी जिवंतपणी भिंतीवर फोटो लागणं होतं. त्याच्या बायकोला तसं वाटत नव्हतं.

"बसून काम आहे. वेळेवर घरी याल. वाईट काय त्यात?"

"तुला नाही कळायचं."

"नसेल कळत. पण तुम्ही पास व्हावं असं मला मनापासून वाटत नाही, हे सांगून ठेवते," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. ते बोलणं त्याला फार लागलं.

सराव घेणारे मास्तर केंद्रातच म्हातारे झालेले. त्यांनी उंटाला मैदानाच्या कडेला बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं, "पिणं सोड. निदान परीक्षेपर्यंत तरी."

"मास्तर, मी व्यायाम दुप्पट करतो ना. घेतली की सकाळी रबरी कोट घालून धावतो. जेवढी पोटात गेली तेवढी घामावाटे बाहेर."

"घामावाटे पाणी जातं रे, शहाण्या. दारू तिच्या वेळेनेच उतरते. तू कोरड्या अंगाने धावतोस, म्हणून तुझ्या पोटऱ्या वळतात. आणि व्यायामाने अंग तयार होतं असं वाटतं का तुला? व्यायामाने अंग झिजतं. मग माणूस झोपला की ते भरून येतं. पिऊन पडणं म्हणजे झोप नव्हे. तू रोज घर पाडतोस आणि गवंड्याला सुट्टी देतोस."

उंटाला हे पटलं. हट्टी असला तरी तो मूर्ख नव्हता. त्याने घरातली बाटली मोरीत ओतली आणि खरोखरच कंबर कसली.

पहिले काही दिवस त्याचे हाल कुत्रं खाईना. अंथरुणात तळमळायचा, घामाने उशी भिजायची, सकाळी बायकोवर खेकसायचा. मग एका रात्री त्याला झोप लागली. अशी लागली की उठल्यावर आपण कुठे आहोत हे आठवायला त्याला क्षणभर वेळ लागला. त्या दिवशी जिना चढताना नाडी बांधायची वेळ आली नाही. शहरानेही जणू त्याच्यासाठी काडी ओढायची बंद केली होती. बंब नुसते धुतले जात होते. मास्तरांनी हलका पुतळा दिला, तो त्याने खाली आणला. त्याहून जड दिला, तोही आणला. बायको जेवताना त्याच्याकडे चोरून बघत राहायची. आपण परत पहिल्यासारखे होतोय, असं त्याला वाटलं. या गोष्टीतलं चांगलं एवढंच आहे, तेव्हा ते घाईने सांगून टाकायला मन होत नाही.

मग गाद्यांच्या गोदामाला आग लागली. कापूस असा धुमसतो की विझला म्हणावं आणि पाठ फिरवावी तर पुन्हा लाल. सगळे काळेठिक्कर होऊन परतले, पाळी संपली आणि ओले पाइप टांगायच्या खोलीत बैठक बसली.

या बैठकीला केंद्रात 'धूर धुणं' म्हणत. एरवी पितात ते पिणं. आगीनंतर घेतात ते धूर धुणं. पिण्यात त्याची मोजदाद नव्हती. दारू सोडलेली माणसंसुद्धा धूर धुवायला बसायची आणि घरी जाऊन छातीठोकपणे सांगायची, की मी थेंबाला शिवलेलो नाही. जो बसायचा नाही त्याच्याकडे बाकीचे जरा तिरकं बघत. याला भीती वाटली असेल, असं म्हणत.

"सोडलीय मी," उंट म्हणाला.

"सोडलीस ना? मग सोडलेलीच राहू दे," पिंप म्हणाला आणि पेला त्याच्या हातात दिला. "हा तर धूर आहे."

पिंप म्हणजे त्याचा जोडीदार. नावाप्रमाणे देह आणि त्याहून मोठं काळीज. आगीत कुणी एकटं शिरत नाही. जोडीने शिरतात, आणि एक पडला तर दुसऱ्याने त्याला बाहेर काढायचं असतं. खूप वर्षांपूर्वी तळघरात पिंप पडला होता आणि उंट त्याला खांद्यावर टाकून जिना चढला होता. तेव्हापासून पिंपाने त्याच्यावरून जीव ओवाळून टाकला होता. अशा माणसाने दिलेला पेला उंट कसा नाकारणार? त्याने घेतला. एक घेतला की दुसरा आपल्या पायांनी येतो.

दुसऱ्या सकाळी त्याने रबरी कोट घातला आणि दुप्पट धावला. मास्तरांचं बोलणं आठवत होतं, पण मनात म्हणत होता, ती पिण्याची गोष्ट झाली, मी तर धूर धुतला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या दोन्ही पोटऱ्या वळल्या आणि तो गवतात आडवा झाला. पुढे एक दुकान जळालं, मग एका घराचं स्वयंपाकघर. प्रत्येक वेळी धूर धुतला गेला, आणि आग नसलेल्या दिवशी मोरीत ओतलेल्या बाटलीच्या जागी नवी आली. मास्तरांनी मधला पुतळा दिला, तो जिन्यावरून गडगडत खाली गेला. मास्तरांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि ते निघून गेले.

परीक्षेच्या सकाळी उंट मनोरा चढला तेव्हाच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाली साहेब, पिंप, सगळी पाळी आणि दुसऱ्या केंद्रातून नुकताच बदलून आलेला एक जण उभे होते. शिट्टी वाजली. उंटाने पाहुण्याच्या बगलेत हात घातले, दात आवळले, सगळा जोर लावला आणि तोल जाऊन मागेच पडता पडता वाचला.

पाहुणा हलका होता. उशीसारखा नव्हे, पण एवढ्या वर्षांत त्याने जितक्या वेळा उचललं होतं त्यावरून त्याच्या खांद्याला चटकन कळलं. क्षणभर तो तसाच थांबला. खाली ओरडून सांगावं, असं त्याच्या मनात आलं, हे खरं आहे. मग फोनची खोली डोळ्यांपुढे आली, आणि तो उतरायला लागला.

वेळ शिल्लक ठेवून तो खाली पोचला. टाळ्या वाजल्या, साहेबांनी पाठ थोपटली. मनोऱ्यामागे वाळूच्या बादल्या रांगेत लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीत वाळू शिगोशीग भरलेली होती. एरवी त्या अर्ध्या असत. पिंपाने त्याच्याकडे बघून डोळा मारला. मास्तर टाळ्या न वाजवता बादल्यांकडे बघत होते.

संध्याकाळी पाइपांच्या खोलीत बैठक बसली. आग नव्हती, पण आज कारण त्याहून मोठं होतं. दोन-तीन पेले झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "उंटा, वाळूचा पाहुणा काय कुणीही उचलेल. खरा उचलून दाखव."

पिंप हसत हसत जमिनीवर पसरला, डोळे मिटले, हातपाय सैल सोडले. उंट वाकला. बगलेत हात घातले. त्याने पिंपाला बसता केला, गुडघ्यापर्यंत आणला, आणि तिथेच त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. पुन्हा जोर लावला. पिंप त्याच्या हातून निसटून फरशीवर आदळला. लोक हसत होते, ते हळूहळू हसायचे थांबले.

"मी मुद्दाम अंग सोडलं होतं रे," पिंप डोकं चोळत म्हणाला.

"पडलेल्या माणसाने अंग सोडलेलंच असतं," उंट म्हणाला.

कुणीतरी त्याचा पेला भरला. त्याने तो एका दमात रिकामा केला. पिंप मात्र पुढे प्यायला नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी गेला, आणि जाताना त्याने उंटाकडे बघितलं नाही.

सकाळी पाळीच्या आधी सगळे फळ्यासमोर उभे राहिले. आत कोण कुणाबरोबर शिरणार, त्या जोड्या तिथे खडूने लिहिलेल्या असत. पिंपाचं नाव दुसऱ्याच कुणापुढे होतं. एवढ्या वर्षांत जे कधी पुसलं गेलं नव्हतं ते पुसलेलं होतं, आणि ते पुसायला कोण सकाळी लवकर साहेबांकडे गेलं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पिंप बंबाचं चाक तपासत पाठमोरा वाकला होता. ज्याने मित्रासाठी पुतळ्यातली वाळू काढली, त्यानेच आपला जीव त्या मित्राच्या खांद्यावरून काढून घेतला होता. उंटाला राग आला नाही. त्याच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, एवढं त्याला कळलं.

बदलून आलेला माणूस हसत त्याच्याकडे आला. चांगला रुंद हाडाचा होता.

"तुमची जोडी मिळाली, बरं झालं. काल बघितलं ना, कसे उतरलात ते. रात्री बायकोला सांगितलं, नव्या ठिकाणी असा माणूस आहे. ती फार काळजी करते हो, मुलं लहान आहेत. काल पहिल्यांदा निवांत झोपली."

साहेब दहा पावलांवर होते. एक वाक्य पुरलं असतं. उंटाने तोंड उघडलं, कालची शिळी चव जिभेवर आली, आणि त्याने ते मिटलं.

"पाठ फिरव," तो म्हणाला. त्याने नव्या जोडीदाराच्या हवेच्या नळकांड्याचा पट्टा ओढून घट्ट केला, आणि हात काढताना त्याच्या खांद्यांवर थोडा वेळ तसेच ठेवले. पिंपापेक्षा हा जडच भरला असता.

"ठीक आहे ना?" जोडीदाराने मान वळवून विचारलं.

"ठीक आहे," उंट म्हणाला.