भिंतीकडचा पाइप

दोन हजार एक साल. लोट्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये बावीस वर्षं ड्रॉइंगं काढून मान मोडली, आणि आता साहेब म्हणतात, "मालिनीबाई, शनिवारपर्यंत ही टाकी कॉम्प्युटरवर सॉलिड, म्हणजे चारी बाजूंनी फिरवून बघता येईल अशी, करून दाखवा, नाहीतर काम पुण्याच्या ऑफिसला देतो." म्हणजे मी घरी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार?

शिकले हो, शिकले. गोल काढायचा, वर खेचायचा, झालं नळकांडं. त्यातून लहान नळकांडं वजा केलं की आत पोकळ. पण तो शिंचा माउस! पेन्सिल कशी हाताचं ऐकते. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की डोळ्यांत नुसती खडी.

शनिवारी दुपारी एकदाची टाकी उभी राहिली. चहाचा कप घेऊन महिपत मागे येऊन थांबला. महिपत आमचा फिटर. पत्रा त्याच्याइतका कुणाला कळत नाही, पण कागदावरचं ड्रॉइंग त्याला वाचता येत नाही. ते समजावून सांगायला मी लागते. म्हणून तर काम आजवर पुण्याला गेलं नाही.

"फिरवा की जरा," तो म्हणाला. फिरवली.

"बाय, ह्यो पाइप भिंतीकडं कसा गेला वो? टाकी बसायची जागा मी बघून आलोय. तिथं हात पण जायचा नाय."

ड्रॉइंग पुन्हा समोर ओढलं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग परदेशी पद्धतीचं होतं, डावीकडून दिसणारी बाजू डावीकडेच काढलेली. आम्ही ती उजवीकडे काढतो. मी सवयीने आमच्याच पद्धतीने वाचलं, आणि अख्खी टाकी आरशातल्यासारखी उलटी झाली. अक्कल गहाण टाकली होती की काय मी!

घाईघाईने टाकी पलटून पाइप दुसऱ्या बाजूला घेतला. साहेब आले, बघून खूश झाले. मी खरं ते सांगून टाकलं, "चूक महिपतने पकडली."

साहेब त्याच्याकडे वळले. "तुला हे कळतं?"

"कळतं की. फिरवून बघितलं की समदं कळतं. बायला कशाला तरास?"

साहेबांनी स्वतः माउस घेऊन टाकी एकदा फिरवून बघितली. "मग मालिनीबाई, सॉलिडं पुण्यालाच होऊ देत. महिपतला खाली एक कॉम्प्युटर देऊ, तो फिरवून बघेल. तुम्ही महिनाअखेरपर्यंतच या."

महिपत चहा प्यायचाच विसरला. "बाय, माझं काय चुकलं?"

मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याचं काडीइतकंही चुकलं नव्हतं.