माइक बंद होता

आमच्या प्रयोगात नवा माणूस आला की त्याला चहा विचारायच्या आधी एक नियम सांगतात: पेटी उघडेपर्यंत बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, बायकोजवळ नाही आणि आईबापांजवळ तर मुळीच नाही, कारण आईबापांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी स्वतः कितीतरी पोरापोरींना सुनावलंय. वर डोळे वटारून.

आता ही पेटी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका देशात एक जुनी खाण आहे. तिच्या तळाशी आम्ही एक भलीमोठी टाकी बसवलीय, आत अतिथंड द्रव. डार्क मॅटर म्हणून जे काही विश्वभर पसरलंय म्हणतात आणि आजवर कुणाच्या बापालाही दिसलेलं नाही, त्याचा एखादा कण त्या द्रवावर आपटला तर बारीकशी चमक उठेल, ही आमची आशा. टाकी कुणा एकाची नाही. पंप एका देशाचे, चमक टिपणारी यंत्रं दुसऱ्याची, संगणक तिसऱ्याचे आणि डोकी सगळ्यांची. माझं डोकं इथल्या संस्थेत जिन्याशेजारच्या खोलीत बसतं. तिथला पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की मी उकडून निघते.

तर वर्षानुवर्षं शोधून काही सापडलं नाही की माणसाला नसलेलंही दिसायला लागतं. म्हणून आमच्यातली दोन माणसं डेटामध्ये मुद्दाम खोट्या चमका मिसळून ठेवतात. त्याला आम्ही मीठ म्हणतो. खरं कुठलं आणि मीठ कुठलं, हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नसतं. सगळ्यांचं काम पुरं झालं, आता एक आकडाही बदलायचा नाही असं ठरलं, की मग सगळ्यांसमोर गुपित फोडायचं. यालाच पेटी उघडणं म्हणतात.

या कामात माझा जोडीदार लंबू. तो दुसऱ्याच देशात बसतो. मी त्याला प्रत्यक्ष कधी भेटलेली नाही, पण पडद्यावरसुद्धा त्याचं डोकं चौकटीबाहेर जातं म्हणून लंबू. त्याला अर्थ समजावून सांगितला तर खूश झाला. आईजवळ राहतो. ती मागून मोठमोठ्यानं काहीतरी विचारत असते आणि तो तिच्यावर ओरडतो, मग लगेच उठून पाणी नेऊन देतो. भाषा कळत नसली तरी हे सगळं कळतं. त्याचं नोकरीचं कंत्राट याच हंगामात वाढवायचं होतं आणि ते आमच्या प्रमुख बाईंच्या शब्दावर होतं. नाही वाढलं तर ते घर सोडावं लागणार होतं, कारण घरही नोकरीबरोबरच मिळालेलं.

चमका आम्हा दोघांनाच पहिल्यांदा दिसल्या. अगदी हव्या तशा, हव्या त्या जागी. लंबू खुर्चीवरून उठला तो कॅमेऱ्यातून गळ्यापासून वर दिसेनासाच झाला. "मीठ असेल," तो म्हणाला. "असेल," मी म्हटलं. पण आतून मला खात्री होती. इतकी वर्षं घासली आहेत, मला कळणार नाही?

त्या दिवशी घरी गेले तर काका बसलेले. बाबांचे धाकटे भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. चहा पिताना त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "काय गं, सापडलं का तुझं ते? नाही, नसेल सापडत तर सांग, मी चष्मा देतो माझा." बाबा हसले. ते दर वेळी हसतात आणि दर वेळी त्यांची मान जराशी खाली जाते. ते मला त्या दिवशी सहन झालं नाही.

काका गेल्यावर जेवताना मी बाबांना सांगितलं. "बाबा, बंद खोलीत, मिट्ट काळोखात कुणीतरी काडी ओढावी ना, तशी चमक. आमच्या टाकीत. मी पाहिली."

बाबांचा घास हातातच राहिला. "खरंच?"

"कुणाजवळ बोलायचं नाही हं. अगदी काकांजवळसुद्धा नाही."

"मी काय लहान आहे का आता?" बाबा म्हणाले.

लहान नव्हतेच. म्हातारे होते, आणि लेकीच्या बाजूनं एकदा तरी काकांना उत्तर द्यायचं होतं त्यांना. दिलं. काकांनी ते त्यांच्या जावयाला सांगितलं. जावयाचा विज्ञानाच्या गमतीजमतींचा व्हिडिओ चॅनेल आहे. काकांचा मला निरोप आला: "बघ तरी, किती छान केलंय आपल्या जावयानं! नाव नाही हो घातलं तुझं, काळजी करू नकोस." व्हिडिओत जावईबापू हातात खरीखुरी काडी ओढून दाखवत होते. मी फोन करून एवढी ओरडले की त्यांनी तो लगेच काढून टाकला. पण तोवर इंटरनेटवरच्या एका परदेशी पानानं ते उचललं होतं. आमच्या क्षेत्रातल्या कुजबुजी छापणारं पान आहे ते, सगळे वाचतात आणि कुणी कबूल करत नाही. त्यावर आमच्या प्रयोगाचं नाव होतं, चमका होत्या आणि काळोखात ओढलेली काडीही होती. कुठून कळलं ते मात्र नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना ऑनलाइन बोलावलं. पडद्यावर चौकोनच चौकोन, कुठे सकाळ, कुठे संध्याकाळ. बाई कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. "इतक्या देशांनी एकमेकांवर विश्वास ठेवला म्हणून ही टाकी उभी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या आपण खरं काही सांगू तेव्हा लोक म्हणतील, हे तर तपासायच्या आधीच ओरडले होते. ज्यानं कुणी सांगितलं असेल त्यानं आत्ता बोलावं."

माझा माइक बंद होता. बोट बटणावर होतं. मी मनात वाक्य जुळवत होते. मोठी शहाणी ना मी, मला वाक्यसुद्धा नीट हवं होतं.

तेवढ्यात लंबूचा चौकोन उजळला. "माझ्याकडून झालं," तो म्हणाला. "मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, आज इतका आनंदात का आहेस, आणि मी सांगून बसलो. तिनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण कुणाकुणाशी बोलते, मला माहीत नाही."

काडी माझी होती. जावई आमच्या घरचा होता. हा पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर वाटत होतं की त्याच्यामुळेच झालं. नियम त्यानंही मोडला होता, पण बातमी माझ्या ताटावरून गेली होती, हे त्या अख्ख्या पडद्यावर फक्त मला ठाऊक होतं.

बाईंनी त्याला त्या क्षणी कामातून बाजूला केलं. "कंत्राटाचं नंतर बघू," म्हणाल्या, आणि ते बघू कसलं असतं ते सगळ्यांना कळतं. तो "हो" म्हणाला. त्याचा चौकोन गेला. मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी त्या दिवशी केलं, चांगलं पोटभर.

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. मला वाटलं, कळलं याला. पण तो डोळे पुसत होता. "तुझी एवढी मेहनत माझ्यामुळे बदनाम झाली," म्हणाला. "मला माफ कर." मागून त्याची आई आली. पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट पाहिला. रडून रडून सुजलेला. ती त्याला बाजूला सारून पडद्याच्या अगदी जवळ आली आणि छातीवर हात ठेवून खूप काही बोलली. लंबूनं सांगितलं, "ती म्हणते, माझ्या जिभेनं माझ्या मुलाचं वाटोळं केलं. तू तरी त्याच्यावर रागावू नकोस."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असू दे. मी नाही रागावले." मी त्यांना माफ केलं! अगदी मोठ्या मनानं. धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, कुठे घेते? फोन ठेवला आणि मी पंख्यानं उडालेले कागद गोळा करत बसले.

घरी येऊन बाबांवर सगळी आग काढली. तुम्हाला सांगितलं होतं ना, एक गोष्ट पोटात राहत नाही, तुमच्यामुळे एक पोर घराबाहेर पडणार आहे. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाले, "माझं चुकलं. त्या बाईंना फोन लाव, मी सांगतो. म्हातारा आहे, माझं काय करतील?" मी फोनला हात लावला नाही. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पण तू अजून का नाही सांगितलंस?"

बाबा उठले आणि माझं ताट झाकून ठेवलं. मग आपल्या खोलीत निघून गेले.

मी सांगणार होतेच. उद्या सांगणार होते. मग पेटी उघडण्याचा दिवस आला आणि उद्या संपला.

पुन्हा सगळे चौकोन. मीठ मिसळणाऱ्या दोघांपैकी एक जण घसा साफ करून म्हणाला, "मीठ. त्या सगळ्या चमका मीठच होत्या." कुणी उसासा टाकला, कुणी हसलं. माझी ती खात्रीची चमक, बाबांची मान वर करणारी, ती एका गृहस्थानं खुर्चीत बसून टाकलेली होती. मला वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण कुणीतरी म्हणालं, "चला, फुटली ती बातमीही खोटीच. फारसं नुकसान झालं नाही."

लंबूचा चौकोन नव्हता. त्याला बोलावलंच नव्हतं. आणि मला लख्ख कळलं की आता हा विषय कायमचा मिटतोय. यापुढे मला कुणीही, कधीही विचारणार नाही. भीती वाटली ती त्याची.

मी बटण दाबलं. "नुकसान झालंय," मी म्हटलं आणि ततपप करत सगळं सांगितलं. बाबा, काका, जावई, काडी. आणि हेही, की त्या दिवशी तो बोलत होता तेव्हा मला हे माहीत होतं.

बाईंनी चष्मा काढला. "त्या दिवशी तुमचा माइक बंद होता," त्या हळूच म्हणाल्या. मला वाट करून देत असाव्यात.

"मीच बंद ठेवला होता," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "त्याला मी आजच फोन करते. कंत्राटाचंही सांगते," बाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही करा. आणि यापुढे या कामात तुम्ही नाही." बरोबरच होतं.

फोन आईनंच उचलला. मला पाहून तिचा चेहरा उजळला. मी माफ करणारी ना. तिनं लंबूला हाक मारली. मी त्याला सांगितलं, एका दमात, सगळं. आई शेजारी बसून त्याच्या बाहीला ओढत होती: काय म्हणते, काय म्हणते?

तो तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हसली, मग रडली, आणि पडद्याजवळ येऊन मला हात हलवत राहिली. पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"आभार मानतेय तुझे. मी तिला एवढंच सांगितलं की बातमी तिच्यामुळे फुटली नव्हती. तिला वाटतं, ते तू शोधून काढलंस."

"मग कुणामुळे, ते नाही सांगितलंस?"

"नाही," लंबू म्हणाला. "ते तू सांग. आमची भाषा शीक आणि तूच सांग."

मी शिकतेय. बाबा शेजारी बसून माझ्याबरोबर मोठ्यानं म्हणतात. पहिल्या धड्यात पाणी, घर, आई एवढंच आहे. माफीचा शब्द अजून आलेला नाही.