शिगेचा हेवा

मित्रांनो, मी मक्याच्या बाजारातला एक जुना मापाचा डबा आहे. लोक दाणे बघतात, भाव विचारतात. डब्याला त्याच्या मनातलं कुणी विचारत नाही. म्हणून आज स्वतःच सांगतो.

उत्तर घानात, तामालेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा बाजार दर सहा दिवसांनी भरतो. नापारी पत्रेवाल्याने मला घडवलं. आधी मी आझाराच्या आईकडे होतो, तिच्यानंतर आझाराकडे आलो. मापावरून दोन बायकांची जुंपली, की मगाझिया, म्हणजे बाजारातल्या बायकांची प्रमुख, म्हणायची, "आझाराचा डबा आणा." मग माझ्यातला मका दुसऱ्या डब्यात ओतत आणि खरंखोटं कळत असे. त्या दिवशी मी उन्हाने नाही, गर्वाने तापायचो.

मग शेजारी फुसेना येऊन बसली. तिच्या नव्याकोऱ्या डब्यावर अशी शीग चढायची, की टोकाचे दाणे घरंगळून कोंबड्यांचं पोट भरायचं. गिऱ्हाईक तिकडे वळलं.

"आझारा, तुझ्या डब्यावर मका बसतो की रुसतो गं?" फुसेना विचारायची.

"तुझा डोक्यावर बसतो, माझा पोटात बसतो," आझारा म्हणायची. पण पोतं मात्र आमचंच उरायचं.

त्या डब्याचा तळ खालून ठोकून वर घेतलेला आहे, हे मला ठाऊक होतं. पोटात कमी मावलं, की तेच दाणे वर डोंगर करतात. तरी त्याच्याकडे पाहून माझा जळफळाट व्हायचा. खोटा का असेना, मुकुट होता. मला माझ्या सरळ तळाची लाज वाटू लागली.

दोन बाजार असेच गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी, पाठीवर तान्ही पोर बांधून, आझारा मला घेऊन नापारीकडे गेली.

"याचा तळ वर घे. फुसेनाच्या डब्याइतका."

"तूसुद्धा?" नापारी म्हणाला.

"मीसुद्धा. पोरीला काय खरेपणाची पेज पाजू?"

हातोडा बसत होता आणि, खरं सांगतो, मला दुखत नव्हतं. मी आनंदात होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्यावरही शीग चढली. बायका म्हणाल्या, "आझाराचा हात सुटला गं बाई!" मी शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तेवढ्यात मेमुनातू आजी फुसेनापुढे येऊन उभी राहिली.

"गेल्या बाजारी पाच मापं नेली. सहा दिवस पुरायची, ती पाचव्या दिवशीच संपली."

मगाझिया आली. नेहमीसारखीच म्हणाली, "आझाराचा डबा आणा."

मला काठोकाठ भरून सपाट केलं आणि फुसेनाच्या डब्यात ओतलं. एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही.

"बघा," फुसेना म्हणाली.

"आजी, माप चोख आहे," मगाझिया म्हणाली. "नातवंडांची भूक वाढली असेल." बायका हसल्या.

आजीने गाठोडं उचललं. "मग चूक माझीच. आझाराचा डबा खोटं बोलायचा नाही."

बाजारात हवी तेवढी खोटी मापं असतील, मित्रांनो. पण ज्याच्यावरून बाकीची तपासायची, तेच बिघडलं तर गरिबाने जायचं कुठे? हे मला तेव्हा कळलं. मला तोंड नव्हतं. आझाराला होतं, पण बोललं तर जागा जाणार होती. तिने पाठीवरच्या पोरीला सावरलं, आजीकडे पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "मगाझिया, याच्या आत हात घाला."

दोन्ही डब्यांचे तळ वर आलेले निघाले. दोघींनाही तीन बाजार बसायला बंदी झाली. तेवढे दिवस आझाराने दुसऱ्यांच्या शेंगा फोडून दिल्या. नापारीने माझा तळ पुन्हा सरळ केला, पण पत्रा एकदा ताणला की ताणलाच. तपासणीला आता मगाझियाच्या घरचा वेगळा डबा येतो. तो आला, की सगळे वाट करून देतात आणि मी आजही जळतो. कधीकाळी ती वाट माझी होती.

मेमुनातू आजी मात्र आमच्याकडेच येते. आधी माझ्यात हात घालून तळ चाचपते. आझारा मला तिच्यापुढे तिरका धरते. पूर्वी मला अपमान वाटला असता. मित्रांनो, तुम्हीही शीग पाहून भुलू नका, असाच हात घाला. आणि जो डबा खरा निघेल त्याला जपा. त्याला दुसऱ्याचा हेवा वाटेल इतका एकटा पाडू नका.