मनधरणी खात्याचा शेवटचा दिवस

दोघी बहिणींतली थोरली बोलण्यात भारी पटाईत. ऑनलाइन व्यायामवर्गाच्या एका कंपनीत तिचं काम एकच, वर्गणी बंद करायला फोन करणाऱ्याला गोड बोलून थांबवायचं. वर्गणीची मुदत आपोआप वाढायची. सुटायला मात्र थोरलीशी बोलावं लागे, आणि तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. गुडघे धरलेल्या एका आजोबांना तिनं उड्या मारायच्या वर्गात वर्षभर डांबून ठेवलं होतं!

खुद्द तिची गतही तीच. धाकटीच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात अर्धी जागा तिच्यासाठी राखलेली. पण थोरलीचा नोकरीचा करारही दरवेळी आपोआप आणखी वर्षभरासाठी वाढायचा, आणि सोडते म्हटलं की साहेब तिच्याच युक्त्या तिच्यावर चालवायचे. तीन वर्षं ती अशीच विरघळली. या खेपेला धाकटीनं बजावलं, आज संध्याकाळपर्यंत आली नाहीस तर जागा किल्लीवाल्याला देईन.

नेमका आजच नवा सरकारी नियम लागू झाला. गिऱ्हाईक बंद करा म्हणालं की बंद करायचं, मनधरणी नाही. पहिल्या फोनला थोरलीची जीभ नुसती वळवळली. मग म्हणाली, बरं, बंद केलं. पलीकडच्या बाई भांडायच्या तयारीनं आलेल्या. इतकंच का, असं दोनदा विचारून त्या खो खो हसत सुटल्या. आजोबांनी तर तोंडभर आशीर्वाद दिला. दुपारपर्यंत थोरलीला असं काही चढलं की खुर्चीत गोल गोल फिरत ती लोकांना मोकळं करत होती. फोन इतके, की साहेबही घ्यायला बसले.

त्याच तारेत ती साहेबांसमोर उभी राहिली.

"मी नोकरी सोडतेय."

आता पगार वाढवतील, गळ घालतील, म्हणून तिनं कंबर कसली होती. साहेबांनी मानही वर केली नाही. दिवसभराच्या सवयीनं म्हणाले, "बरं, बंद केलं."

मग जीभ चावली, पण थोरली तोवर जिन्यात होती. दोन दोन पायऱ्या उतरताना हसू फुटत होतं आणि मेलं रडूही येत होतं.

दुकानात शिरताच तिनं गाऱ्हाणं मांडलं. "एवढी वर्षं राबले, पण आज थांब म्हणून एकदाही म्हणाले नाहीत गं."

धाकटीनं हातातलं चाक खाली ठेवलं. "आणि मी तीन वर्षं ये म्हणत होते, ते?"

थोरलीनं तिला ग्रीसच्या हातांसकट मिठीच मारली.