तळातली फाईल

अरेले कारे करायची मले लहानपणापासून सवय. कोणाचं ऐकून घेतलं नाई. प्रेमदासपुढं मात्र माझी जीभ आजही उचलत नाई.

दोन हजार चारची गोष्ट. वर्ध्यात डॉक्टर प्रभाकररावांच्या दवाखान्यात विमावाले पेशंट यायले लागले होते. त्यांची बिलं जमवायची, फॉर्म भरायचे आणि सुट्टी झाल्यापासून तीस दिवसांत फाईल नागपूरले कंपनीत पोचवायची, हे काम मी घरून घेतलं. डॉक्टर म्हणाले, रीताबाई, भाव तुम्हीच ठरवा. एक तर फाईलमागं शंभर रुपये, नाई तर पास होईल त्याचे पाच टक्के.

बाबा टेलर. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मी शिलाई घेतो. कापडाच्या किमतीचा टक्का आजवर घेतला नाई."

म्हणूनच जन्म एका मशीनवर गेला, असं मी त्यांच्या तोंडावर बोलली. त्यांनी मशीन पुढं चालवली. मी टक्के घेतले.

पहिल्याच महिन्यात कळलं. हाडाच्या ऑपरेशनची फाईल म्हणजे दोन हजार हातात. तापाच्या फाईलले मेहनत तेवढीच, अन् मिळायचे साठ. मग मोठी फाईल वर, लहान खाली. कोणी शिकवलं नाई मले, हात आपोआपच तसे चालायले लागले.

प्रेमदास हिंगणीचा. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होता, मालकानं कामगारांचा विमा काढलेला. त्याच्या बायकोच्या, सुमित्राच्या, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. चार दिवसांच्या भरतीचं बिल झालं अठ्ठावीसशे. महिन्याभरात ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरातलं होतं नव्हतं ते पहिल्या बिलात गेलतं. हे पैसे परत आले की तिले आणतो, म्हणाला.

माझे त्यात एकशेचाळीस होते. फाईल तळाशी गेली.

तो दर सोमवारी यायचा, चपला काढून उंबऱ्याशी उभा राह्यचा. मी म्हणायची, होऊन राह्यलं भाऊ, पुढच्या सोमवारी येजो. चौथ्या सोमवारी एक झेरॉक्स राह्यली म्हणून सांगितलं. सपशेल खोटं. मी फाईल उघडलीच नव्हती. ती पोचली तेव्हा छत्तिसावा दिवस होता. कंपनीनं उशीर झाला म्हणून परत पाठवली.

कंपनीवाले हरामखोर आहेत, असं मी त्याले सांगितलं. त्यानं नशिबाले दोष दिला अन् हिंगणीची बस धरली.

दोन महिन्यांनी सुमित्राले जीपमध्ये टाकून आणलं. पिशवी फुटून पोटात पू झालता. ऑपरेशन झालं, नऊ दिवस आयसीयूत ठेवली. दहाव्या दिवशी गेली बिचारी. बिल बावन्न हजार. विम्यातून वळतं करायच्या बोलीवर ते मालकानं भरलं.

ती फाईल ढिगात सगळ्यात वर आली. पाचव्या दिवशी मी स्वतः नागपूरले नेऊन दिली. महिन्याभरात पूर्ण पास झाली. माझे सव्वीसशे.

त्यानंतरच्या सोमवारी प्रेमदास आला. डोक्यावर केस नुकते उगवून राह्यले होते. चपला काढून उंबऱ्याशी उभा राह्यला.

"बाई, या बारीले तुम्ही लई लवकर केलं."

टोमणा नव्हता. तो खरंच उपकार मानून राह्यला होता. आत बाबांची मशीन थांबली.

सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "आता सोमवारी यायची गरज नाई, भाऊ," एवढंच बोलली.