दोनदा धुतलेली पानं

मावशीचा हात थरथरतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना दिसत होतं. बोलायची छाती कुणाचीच नव्हती. माझी तर नाहीच. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, हे कामही तिनेच शिकवलं. फक्त इथे ती ‘मॅडम’, मावशी घरी.

खाडीतल्या समुद्री गवतात नायट्रोजन किती, हे आम्ही मोजतो. शहराचं सांडपाणी तिथवर पोचतंय का, ते त्यावरून कळतं. पानावर शेवाळाचा थर असतो. तो काचपट्टीच्या कडेने खरवडायचा, पान शुद्ध पाण्यातून एकदाच झटकन काढायचं आणि वाळवायला ठेवायचं. थर राहिला, तर शेवाळाचा नायट्रोजन उगाच पानाच्या नावावर चढतो.

त्या दिवशी मावशीच्या ट्रेमधल्या पानांवर हिरवट डाग तसेच होते. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं, तर मी त्याची बिनपाण्याने केली असती! ती जेवायला गेली, तशी मी तिची पानं गुपचूप पुन्हा खरवडली, पुन्हा धुतली आणि साळसूदपणे जागच्या जागी ठेवली.

ती आली. तिने ट्रे पाहिला, मग शुद्ध पाण्याची बाटली. बाटली बरीच रिकामी झाली होती.

“माझी पानं परत धुतलीस?”

“थोडीशीच.”

“अगं, खरवडलेलं पान पुन्हा धुतलं की पानातला नायट्रोजनही पाण्यात उतरतो. हे तुला मी सांगायचं?”

पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तिने. मायेच्या भरात माझी अक्कल चरायला गेली होती.

तिने अख्खा ट्रे कचऱ्यात रिकामा केला. “डाग दिसले तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, मॅडम.”

“वाटलं असतंच. म्हणून खोटे आकडे द्यायचे?”

मग ती स्वतःच्या हाताकडे बघत बसून राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि तिचा थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही नवी पानं आणली. मावशीने आपली काचपट्टी माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः भिंगापाशी जाऊन बसली.

“आता तूच खरवड. डोळे अजून शाबूत आहेत माझे. धुण्याआधी प्रत्येक पान मला दाखवायचं.”

पहिलंच पान तिने परत केलं. “टोकाला राहिलंय.”

“कुठे गं, मावशी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“इथे,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी भिंगापाशी जागा केली.